पुढचे शब्द, मागचे आकडे

जुलाबांनी मलूल झालेल्या मुलाला घेऊन आईबाप डॉक्टरकडे जातात, डॉक्टर ओआरएस द्यायला सांगतात आणि औषधाच्या दुकानातून एक रंगीत पाकीट घरी येतं. त्यावर ठळक अक्षरांत ‘ओआरएस’ लिहिलेलं असतं, सफरचंदाचं किंवा संत्र्याचं चित्र असतं आणि मूलही ते आवडीने पितं. आपल्या देशात कित्येक वर्षं अशी पाकिटं विकली गेली आणि त्यातली अनेक खऱ्या ओआरएसची नव्हतीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एक लिटर पाण्यासाठी ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असं प्रमाण ठरलेलं आहे. ते जुळलं तर आतडं मीठ आणि पाणी शोषून घेतं. साखर कितीतरी जास्त झाली, तर ती उलट आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढू शकतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी या नावाविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला. अखेर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, अशा खाद्यपेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्याची परवानगी काढून घेतली.

या प्रकरणातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. त्याआधी हा शब्द वापरायला परवानगी होती ती एका अटीवर: हे जागतिक आरोग्य संघटनेचं ओआरएस नाही, असं पाकिटावर छापायचं. म्हणजे खरी माहिती पाकिटावर होती, पण आजारी मूल कडेवर घेतलेल्या माणसाने ती शोधावी अशी अपेक्षा होती. पुढे मोठ्या अक्षरात एक आणि मागे बारीक अक्षरात दुसरं, ही रीत किराणा दुकानातल्या जवळजवळ प्रत्येक फळीवर तुम्हाला दिसेल. सगळीकडे जिवावर बेतत नाही. बहुतेक ठिकाणी पैसे जास्त जातात आणि घरात नको तेवढी साखर येते. पण मुलांच्या डब्यात, मधुमेहाच्या रुग्णाच्या ताटात, म्हाताऱ्या माणसांच्या दुधात हेच शब्द शिरतात, म्हणून ते कसे वाचायचे हे शिकून घ्यायलाच हवं.

यासाठी रसायनशास्त्र यावं लागत नाही. काही शब्दांमागे कायद्याने ठरवलेला आकडा किंवा अट आहे. तिथे तो आकडा शोधायचा. काही शब्दांमागे काहीच नाही. तिथे तो शब्द छापलेलाच नाही असं समजायचं, आणि उरलेल्या माहितीवर तो पदार्थ घ्यावा की नाही हे ठरवायचं.

उरलेली माहिती पाकिटाच्या मागच्या बाजूला असते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. जे सगळ्यात जास्त, ते पहिलं. नाचणीच्या बिस्किटांच्या यादीत पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरं पामतेल आणि नाचणी सहाव्या क्रमांकावर असेल, तर ती मैद्याची बिस्किटं आहेत. एखाद्या घटकाचा शब्दाने किंवा चित्राने डांगोरा पिटला असेल, तर तो किती टक्के आहे हेही यादीत छापावं लागतं. हा नियम फार उपयोगाचा आहे आणि फार थोड्यांना माहीत आहे. पुढच्या बाजूला बदाम, ओट्स, मध, शेवग्याचा पाला असं काही मोठं दिसलं की मागे त्या नावापुढचा टक्का बघा. मोठमोठ्या बदामांच्या चित्रामागे दोन-तीन टक्के बदाम निघाले, तर त्या भावात सुटे बदाम किती येतील हा हिशेब तुम्हीच करू शकाल. ‘मल्टिग्रेन’चंही असंच: धान्यं किती प्रकारची आहेत यापेक्षा मैद्याव्यतिरिक्त धान्य एकूण किती टक्के आहे ते मोजा.

साखर यादीत एकाच नावाने येत नाही. ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, काकवी, फळांच्या रसाचा अर्क ही सगळी तिचीच भावंडं. वेगवेगळ्या नावांत विभागली की प्रत्येक नाव यादीत खाली जातं आणि पहिल्या क्रमांकावर दुसरंच काही दिसतं. म्हणून यादी वाचून झाल्यावर पोषणाच्या तक्त्यात ‘ॲडेड शुगर’ ही ओळ शोधायची. चार ग्रॅम म्हणजे साधारण एक चहाचा चमचा. आपल्याकडच्या लेबलांवर दिवसाला ५० ग्रॅम वरून घातलेली साखर ही कमाल मर्यादा धरलेली असते. जागतिक आरोग्य संघटना त्याच्या निम्म्यावर राहणं अधिक चांगलं असं सांगते. मिठासाठी सोडियम बघा. दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं.

तक्ता वाचताना आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका ‘सर्व्ह’चा, हे आधी तपासा. सर्व्ह म्हणजे दोन बिस्किटं किंवा मूठभर चिप्स असं कंपनीने ठरवलेलं असतं. घरात पुडा फुटल्यावर दोन बिस्किटांवर कोण थांबतं? दोन कंपन्यांचे पदार्थ ताडून बघायचे असतील तर नेहमी १०० ग्रॅमचा रकाना घ्या.

आता एकेका शब्दाकडे वळू.

जाहिराती आणि दाव्यांबद्दलचे एफएसएसएआयचे नियम २०१८ साली आले आणि जुलै २०१९ पासून लागू झाले. ‘शुगर फ्री’ म्हणायचं तर १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. ‘लो शुगर’ म्हणायचं तर घन पदार्थात ५ ग्रॅम आणि पेयात १०० मिलिलिटरला अडीच ग्रॅम ही मर्यादा. ‘लो फॅट’ला घन पदार्थात ३ ग्रॅम. ‘सोर्स ऑफ फायबर’ला किमान ३ ग्रॅम चोथा, ‘हाय फायबर’ला ६ ग्रॅम. या चार-पाच संख्या एका कागदावर लिहून पाकिटात ठेवल्या तरी बरंच काम होतं.

दिवाळीत मिठाईच्या दुकानांत ‘शुगर फ्री’ अशी पाटी लावून खजूर-अंजिराच्या वड्या मांडलेल्या असतात. खजुराच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग साखरच असतो. अर्ध्या ग्रॅमची अट तिथे कशी पाळली जाणार? ‘वरून साखर घातलेली नाही’ एवढंच त्या वड्यांबद्दल म्हणता येईल, आणि या दोन दाव्यांत मधुमेह्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘रिफाइंड साखर नाही, फक्त गूळ’ हेही तसंच. गूळ चवीला छान, त्यात थोडं लोह असतं, पण रक्तातली साखर तो साखरेसारखीच वाढवतो. आणि जिथे ‘शुगर फ्री’ हे शब्द नियमात बसतात, तिथेही बिस्किटातला मैदा पोटात गेल्यावर ग्लुकोजच होतो. घरात मधुमेही माणूस असेल तर साखरेच्या ओळीसोबत ‘टोटल कार्बोहायड्रेट’ ही ओळही वाचायची सवय लावा.

‘हाय प्रोटीन’ या शब्दाने सध्या बाजार भरून गेला आहे. बिस्किटं, पाव, लस्सी, कुल्फी, चिवडा, सगळ्यांत प्रथिनं. नियम सांगतो की घन पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये दिवसाच्या गरजेच्या २० टक्के प्रथिनं असली तर ‘हाय’ किंवा ‘रिच’ म्हणता येतं आणि १० टक्के असली तर ‘सोर्स’. मध्यम वजनाच्या प्रौढ पुरुषाची दिवसाची गरज ५४ ग्रॅमच्या आसपास धरली आहे. म्हणजे १०० ग्रॅममध्ये सुमारे ११ ग्रॅम प्रथिनं असली की ‘हाय प्रोटीन’ आणि साडेपाच ग्रॅम असली की ‘प्रोटीनचा स्रोत’. आता आपल्या डब्यातले पदार्थ बघा. शेंगदाण्यांत १०० ग्रॅमला जवळजवळ २५ ग्रॅम प्रथिनं असतात, फुटाण्यांत २० च्या आसपास, कुठल्याही डाळीत २० च्या वर. साध्या कणकेत दहा-अकरा ग्रॅम असतात. या मोजमापाने आपली रोजची कणीक त्या शब्दाच्या उंबऱ्यापर्यंत येते आणि साधे पोहे ‘प्रोटीनचा स्रोत’ ठरतात. तेव्हा पुढच्या बाजूचा शब्द सोडा, मागचा आकडा वाचा आणि त्याने किमतीला भागा. दहा ग्रॅम प्रथिनांना किती रुपये पडले, हा प्रश्न विचारला की अनेक पाकिटं पुन्हा फळीवर जातील. ज्यांना आजारामुळे किंवा व्यायामामुळे जास्त प्रथिनं लागतात त्यांनी पावडर जरूर घ्यावी, पण आहारतज्ज्ञाला विचारून.

तेलाच्या डब्यावरचं ‘कोलेस्टेरॉल फ्री’ खरं आहे, आणि तेच त्याच्याविरुद्ध माझं म्हणणं आहे. वनस्पतींत कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतंच. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, पाम, कुठलंही तेल घ्या. जो गुण सगळ्यांत आहे तो एकाच्या डब्यावर छापला की दुसऱ्यांत तो नाही असं वाटतं. नियमातही याची दखल घेतली आहे: पदार्थ मुळातच त्या घटकापासून मुक्त असेल तर दावा तसा, त्या जातीच्या सगळ्या पदार्थांना लागू होईल अशा रीतीने लिहावा लागतो. एक ग्रॅम तेल म्हणजे ९ कॅलरी, मग डब्यावर हृदयाचं चित्र असो वा नसो. हृदयाची काळजी असेल तर महिन्याला घरात माणशी किती तेल लागतं हे मोजणं सगळ्यात उपयोगी.

लाकडी घाण्याच्या तेलाबद्दल विचारणारे वाचक खूप असतात. माझ्या मते इथे शब्दापेक्षा साधं गणित जास्त विश्वासाचं. शेंगदाण्यातून घाण्यावर साधारण ४० ते ४५ टक्के तेल निघतं, म्हणजे एक किलो तेलाला सव्वादोन ते अडीच किलो दाणे लागतात. पेंड विकून थोडे पैसे सुटतात, पण मजुरी आणि वीज त्यातच जाते. त्यामुळे बाजारात दाण्याचा जो भाव असेल, त्याच्या दुपटीहून कमी दरात कुणी घाण्याचं शुद्ध शेंगदाणा तेल देत असेल, तर कसं परवडतं ते विचारा. घाणा दुकानातच असेल तर समोर काढून घ्या. तुपालाही हेच गणित लागू पडतं: गाईच्या दुधात स्निग्धांश चारेक टक्के, म्हणून एक किलो तुपाला २५ ते ३० लिटर दूध. दुधाच्या भावाने गुणून बघा. उत्तर खूप मोठं येतं, आणि प्रामाणिकपणे तूप कढवणाऱ्या बाईला तेवढा दर देताना आपण घासाघीस करू नये हेही त्यातूनच कळतं.

मात्र ‘ए-टू तूप’ या शब्दासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. ए-वन आणि ए-टू हे दुधातल्या बीटा-केसिन या प्रथिनाचे प्रकार आहेत. तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांश. त्यात ते प्रथिन उरतच नाही. २१ ऑगस्ट २०२४ रोजी एफएसएसएआयने दूध आणि दुग्धपदार्थांवरून हे दावे काढायला सांगितलं आणि २६ ऑगस्टला, पाचच दिवसांत, पुढील चर्चेसाठी तो आदेश मागे घेतला. त्यामुळे हे डबे दुकानात आहेतच. देशी गाय पाळणाऱ्याला मदत म्हणून ते तूप घ्यायचं असेल तर ते चांगलंच कारण आहे, पण ए-टू हे कारण धरू नये.

फळांच्या रसाच्या खोक्यावर ‘१०० टक्के’ हा आकडा अनेक वर्षं झळकत होता. असे बहुतेक रस आधी आटवून घट्ट केलेले असतात आणि नंतर पाणी घालून पुन्हा पातळ केले जातात. जून २०२४ मध्ये एफएसएसएआयने अशा रसांच्या लेबलांवरून आणि जाहिरातींतून ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढायला लावला. अर्क आणि पाणी घालून केलेला रस असेल तर घटकांच्या यादीत तसं लिहिलेलं असतं, आणि एका किलोमागे १५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर घातली असेल तर त्याला ‘गोड केलेला रस’ म्हणावं लागतं. आणि अगदी खरा, ताजा, बिनसाखरेचा रस असला तरी संत्रं खाणं हे संत्र्याचा रस पिण्यापेक्षा बरं. चोथा गाळला की पोट भरत नाही आणि चार संत्र्यांची साखर एका पेल्यात येते.

मुलांच्या दुधात घालायच्या पावडरींना आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ‘हेल्थ ड्रिंक’ म्हटलं गेलं. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना सांगितलं की अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या गटातून काढा, कारण अन्नसुरक्षा कायद्यात या नावाचा कुठलाही प्रकारच नाही. त्याच सुमारास हिंदुस्तान युनिलिव्हरने हॉर्लिक्सच्या गटाचं नाव बदलून ‘फंक्शनल न्यूट्रिशनल ड्रिंक्स’ केलं. हा नवा शब्दही तितकाच मोघम आहे. पालकांना उपयोगाची माहिती डब्यामागच्या साखरेच्या ओळीतच मिळेल. एका कपात किती चमचे पावडर घालायला सांगितली आहे ते बघा, त्यात किती ग्रॅम साखर जाते ते काढा आणि आपण वरून आणखी साखर घालतो का तेही मोजा. मुलाची उंची वाढेल, बुद्धी तल्लख होईल असं कुठे लिहिलं असेल, तर त्याखालची तारांकित ओळ वाचा. ती बहुधा दूध आणि समतोल आहाराबद्दल बोलत असते, आणि ते दोन्ही तुम्ही डब्याशिवायही देऊ शकता.

‘एनर्जी ड्रिंक’ हा शब्द किशोरवयीन मुलांच्या बाबतीत मला जास्त काळजीचा वाटतो. आपल्या नियमांत त्याचं नाव ‘कॅफिनेटेड बेव्हरेज’ आहे: लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन. अडीचशे मिलिलिटरच्या कॅनमध्ये ७५ मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन आणि बहुतेक वेळा भरपूर साखर. लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी नाही, असं त्या कॅनवरच छापलेलं असतं. दहावी-बारावीच्या अभ्यासाच्या रात्री मुलांच्या टेबलावर ही कॅन दिसली, तर ती ओळ त्यांना मोठ्याने वाचायला लावा.

‘इम्युनिटी’ हा शब्द २०२० मध्ये अक्षरशः प्रत्येक वस्तूवर चिकटला: पाव, हळदीचं दूध, आइस्क्रीमसुद्धा. साथ ओसरली, शब्द राहिला. एखाद्या पदार्थात क जीवनसत्त्व किंवा जस्त घातलं असेल तर त्याचा आकडा मागे असतो. तेवढं जीवनसत्त्व एका आवळ्यात किंवा पेरूत किती मिळतं हे ताडून बघा आणि पेरू घ्या. ‘सुपरफूड’, ‘डिटॉक्स’, ‘क्लीन’, ‘गिल्ट फ्री’ या शब्दांमागे कुठलंही मोजमाप नाही. त्यांच्यावर आणखी ओळी खर्च करण्यात अर्थ नाही.

आइस्क्रीमच्या फळीवर एक गोष्ट आवर्जून वाचा. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरलं असेल तर त्याला आइस्क्रीम म्हणता येत नाही. डब्यावर ‘फ्रोझन डेझर्ट’ असं लिहावं लागतं. नुसत्या ‘आइस्क्रीम’मध्ये दुधाचा स्निग्धांश किमान १० टक्के हवा. या फरकावरून अमूल आणि हिंदुस्तान युनिलिव्हर यांचा वाद २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. फ्रोझन डेझर्ट खाऊ नये असं नाही, पण मलईचं चित्र बघून आइस्क्रीमचे पैसे देऊ नयेत. घरपोच मागवताना तर हे शब्द छायाचित्रात दिसतही नाहीत. मागच्या बाजूचा फोटो नसेल तर वस्तू मागवू नका.

‘नॅचरल’, ‘फ्रेश’, ‘प्युअर’, ‘ट्रॅडिशनल’, ‘ओरिजिनल’ या शब्दांना २०१८ च्या नियमांत अटी घातल्या आहेत. एकाच नैसर्गिक स्रोतातून आलेला आणि ज्यात काहीही मिसळलेलं नाही असाच पदार्थ ‘नॅचरल’. चार घटक एकत्र केलेल्या पदार्थाला फार तर ‘नैसर्गिक घटकांपासून बनवलेला’ म्हणता येतं, तेही सगळे घटक त्या अटीत बसत असतील तर. ‘फ्रेश’ म्हणजे धुणं, सोलणं, चिरणं, थंड करणं यापलीकडे फारशी प्रक्रिया न झालेला. ‘ट्रॅडिशनल’ म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या फारसा बदल न होता चालत आलेली कृती. पण एक पळवाट उरते: हा शब्द ब्रँडच्या नावातच असेल, तर ‘हे केवळ ब्रँडचं नाव किंवा ट्रेडमार्क आहे, पदार्थाचं खरं स्वरूप दाखवत नाही’ अशा अर्थाचा खुलासा छापून काम भागतं. ती ओळ कुठल्या पाकिटावर दिसली तर थांबून वाचा. कंपनी स्वतःच सांगते आहे की नावावर जाऊ नका.

‘केमिकल फ्री गूळ’ हे आपल्या राज्यातलं खास उदाहरण. गुऱ्हाळात रस उकळताना मळी काढण्यासाठी काहीतरी घालावंच लागतं. जुन्या पद्धतीत भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. झटपट उजळ पिवळा रंग यावा म्हणून काही ठिकाणी हायड्रॉस पावडर वापरतात. नुसत्या काळसर रंगावरून खात्री होत नाही, कारण रंग उसाच्या जातीवर, जमिनीवर आणि रस किती तापला यावरही अवलंबून असतो. विक्रेत्याला थेट विचारा: मळी कशाने काढली, गुऱ्हाळ कुठलं? ज्याला उत्तर देता येतं त्याचा गूळ घ्या.

सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकीटबंद मालावर सेंद्रियतेचं अधिकृत चिन्ह आणि प्रमाणीकरणाचा तपशील हवा. एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया यांपैकी एका पद्धतीचं प्रमाणपत्र लागतं. थेट शेतावरून स्वतःचा माल विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला यात सूट आहे, आणि तिथे ओळख आणि शेताला दिलेली भेट हाच पुरावा. एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक मात्र सेंद्रियतेचा किंवा दर्जाचा शिक्का समजू नका. तो व्यवसायाची नोंद झाली आहे एवढंच सांगतो.

‘अस्सल’ या शब्दाला बळ देणारी एक व्यवस्था आपल्याकडे आहे: भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय. २०१८ मध्ये हापूसला हे मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. कोल्हापूरचा गूळ, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, सांगलीची हळद, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, मंगळवेढ्याची ज्वारी, गोव्याची फेणी यांनाही ते आहे. मार्चमध्ये ‘देवगड हापूस’ असं ओरडून विकणाऱ्याकडे जीआयचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद आहे का, हे विचारायला संकोच करू नका. ज्या बागायतदाराने नोंदणी करून घेतली आहे, तो आनंदाने दाखवेल. दुसऱ्या राज्यातला आंबाही चवीला उत्तम असू शकतो, पण तो त्याच्या नावाने आणि त्याच्या भावाने विकला जावा.

आता थोडं विकणाऱ्यांसाठी. हा लेख वाचणाऱ्यांत बचत गटाच्या, घरून मसाले-पापड-फराळ करणाऱ्या कितीतरी जणी असतील. तुमच्या पाकिटावर ‘अस्सल, पारंपरिक, घरगुती, शुद्ध, उत्कृष्ट चव’ लिहिलेलं असतं आणि शेजारच्या पाकिटावरही तेच असतं, म्हणून ग्राहकाला दोन्ही सारखीच दिसतात. शिवाय ‘होममेड’सारखे शब्द ग्राहकाची चुकीची समजूत करून देत असतील तर ते नियमात बसत नाहीत. त्यापेक्षा तुम्ही खरोखर जे करता ते लिहा. गोडा मसाला असेल तर: ‘धणे, सुकं खोबरं, तीळ, दगडफूल, नागकेशर, दालचिनी, लवंग वेगवेगळे भाजून मार्चमध्ये कुटलेला. रंग घातलेला नाही.’ कांदा-लसूण मसाला असेल तर मिरची कुठली ते लिहा: बेडगी किती, लवंगी किती, तिखटपणा किती. चकलीवर तेलाचं नाव लिहा. भाजणीवर दळल्याची तारीख लिहा. मोठी कंपनी या गोष्टी सांगू शकत नाही, तुम्ही सांगू शकता, आणि ज्याला खायचं कळतं ते गिऱ्हाईक नेमकं हेच शोधत असतं.

बाकी कायद्याच्या गोष्टी पाळा: घटक उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची आणि वापरायची तारीख, शाकाहाराचा हिरवा ठिपका, पत्ता आणि नोंदणी क्रमांक. वर्षाची उलाढाल ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर साधी नोंदणी पुरते. पाकिटात शेंगदाणे, तीळ, गहू, दूध असेल तर ते ठळक लिहा. ॲलर्जी असलेल्या मुलाची आई तेच आधी वाचते. आणि ‘गुडघेदुखी जाते’, ‘शुगर कंट्रोल होते’ असं काहीही, अगदी व्हॉट्सॲपच्या स्टेटसवरही, लिहू नका. रोग बरा होतो असा दावा खाद्यपदार्थाबद्दल करता येत नाही. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

ग्राहक म्हणून एखादा दावा खोटा वाटला तर गप्प बसू नका. पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो काढा, बॅच क्रमांक आणि बिल जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. पदार्थातच काही गडबड असेल तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात किंवा एफएसएसएआयच्या संकेतस्थळावर तक्रार करा. नुसती जाहिरातच फसवी असेल तर मुंबईतल्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलकडे, म्हणजे एएससीआयकडे जाता येतं. ही जाहिरात उद्योगाने १९८५ साली स्थापन केलेली संस्था आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली नेमलेलं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या खेपेला १० लाख आणि पुन्हा तसंच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं, आणि जाहिरातीत झळकणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीवरही काही काळ बंदी आणू शकतं. तक्रारीत राग लिहू नका, तीन गोष्टी लिहा: पुढे कोणता शब्द छापला आहे, मागे कोणता आकडा किंवा घटक आहे, आणि त्या दोन्हींचा मेळ का बसत नाही.